नऊ नंबरचा लेक

जांभळी साडी, सोनेरी जरीचे काठ. लेकीच्या डोहाळजेवणात नेसायची म्हणून हौसेने घेतलेली. तीच साडी मी दुसऱ्यांदा नेसले ती चक्क फुटबॉलच्या सामन्याला, हे सांगितलं की आमच्या भिशीतल्या बायका अजूनही हसतात. वर साडी, खाली जावयाने आणून दिलेले पांढरे बूट आणि हातात पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी, कारण त्या मैदानात साधी पर्स नेऊ देत नाहीत!

गोष्ट २०१९ सालची. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून ऑक्टोबरमध्ये मी अमेरिकेला गेले. गाव बॅटन रूज. लुइझियाना राज्याची ही राजधानी मिसिसिपी नदीच्या काठावर वसलेली आहे. बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, बाळाची झबली-कुंची. मनात एकच, लेक सुखरूप सुटू दे. खेळबिळाशी माझा संबंध काय? तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं, पण माझी गाडी कबड्डी-खोखोच्या पलीकडे कधी गेली नाही.

तिथे पाहते तो घराघरावर जांभळे-सोनेरी झेंडे. दुकानातल्या मुलीच्या नखांवर तेच रंग, पोस्टमनच्या टोपीवर तेच. मला वाटलं, निवडणूक आहे की काय! लेक म्हणाली, "आई, ही इथल्या युनिव्हर्सिटीची टीम. लुइझियाना स्टेट. सगळे एलएसयू म्हणतात. आणि यंदा त्यांच्याकडे जो बरो आहे."

हे नाव मग मी रोज ऐकलं. भाजी घेताना, दवाखान्यात, लिफ्टमध्ये. जणू गल्लीतल्याच कुणाचा मुलगा.

आधी खेळाबद्दल थोडं सांगते, कारण मलाही ते शिकावं लागलं. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात. तोही लांबट, नारळासारखा. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यावर चिलखत आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाणं. या गर्दीत एक मुलगा मागे उभा राहतो, समोरून अंगावर येणाऱ्या दांडगटांकडे न बघता लांबवरचा आपला गडी हेरतो आणि नेमका त्याच्या हातात चेंडू पोचवतो. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. जो बरो हा तो मुलगा. जर्सीचा नंबर ९.

आणि ही कॉलेजची टीम, बरं का! तरी मैदानात एक लाख दोन हजारांवर माणसं बसतात. १९८८ साली याच मैदानावर एका सामन्यात लोकांनी इतका जल्लोष केला, की विद्यापीठातल्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. मात्र कॉलेजच्या खेळाडूचं आयुष्य तेव्हा फार तर चार मोसमांचं असायचं. कितीही लाडका असला तरी तो जाणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. माहेरपणाला आलेल्या लेकीसारखं. बॅग भरायची तारीख आल्या दिवशीच माहीत असते.

आमच्या शेजारी एक आजी राहत. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. लेकीला नववा लागल्यापासून रोज डोकावून जायच्या. भेंडी घातलेलं एक दाटसर कालवण त्या करत. त्याला गम्बो म्हणतात आणि ते भाताबरोबर खातात. मी पहिल्यांदा चव घेतली आणि म्हटलं, अगं, ही तर आपल्यातलीच! मी त्यांना मसालेभात दिला, तर त्यांनी त्यांचा जांबालाया आणला. तोही मसालेभाताचा चुलतभाऊच. भाषा अर्धीमुर्धी, पण दोन बायकांना एका पातेल्याभोवती बोलायला किती भाषा लागते?

त्यांच्याकडून मला या मुलाची खरी गोष्ट कळली.

तो मूळचा लुइझियानाचा नव्हताच. आग्नेय ओहायोतलं अथेन्स (ग्रीसमधलं नव्हे, हे डोंगराळ भागातलं छोटं गाव), त्याच्या शेजारचं द प्लेन्स हे त्याचं घर. वडील जिमी बरो फुटबॉलचे प्रशिक्षक, आई रॉबिन बरो प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका. गावच्या शाळेत त्याने मैदान गाजवलं. २०१४ साली सगळ्या ओहायो राज्यातला सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरला. मग ओहायो स्टेट या मोठ्या विद्यापीठात गेला... आणि तिथे तीन वर्षं बाकावर बसला.

पहिलं वर्ष नुसता सराव. पुढच्या दोन वर्षांत सामन्यांमध्ये जेमतेम ३९ वेळा चेंडू फेकायला मिळाला. २०१७ साली मोसमाच्या तोंडावर हाताचं हाड मोडलं आणि मागून आलेला मुलगा पुढे गेला. आपल्याकडे पोलीस भरतीला, एमपीएससीला बसणाऱ्या मुलांच्या आयांना मी काय सांगू? तीन वर्षं पोराचा नंबर लागत नाही म्हणजे काय, हे त्यांना बरोबर कळेल. नातेवाईक विचारतात, "काय करतो हल्ली?" आणि आई पाणी आणायच्या निमित्ताने आत जाते.

या मुलाने काय केलं? आदळआपट केली नाही. तीन वर्षांत पदवी पूर्ण केली, मग २०१८ च्या मे महिन्यात राज्य बदलून लुइझियानाला आला. कॉलेज खेळण्याचे दोन मोसम शिल्लक होते. पहिला मोसम बरा गेला. पोराचे बरेचसे सामने आपल्याच नोकरीपायी चुकलेल्या वडिलांनी मात्र ठरवलं, पुढचा मोसम त्याचा शेवटचा. त्यांनी प्रशिक्षकाच्या कामातून निवृत्ती घेतली आणि ते त्याचा प्रत्येक सामना बघायला येऊ लागले.

आणि तो शेवटचा मोसम म्हणजे २०१९! ज्या अलाबामा संघापुढे एलएसयू २०११ सालानंतर आठ वेळा ओळीने हरली होती, त्यांना ९ नोव्हेंबरला त्यांच्याच घरी ४६-४१ असं हरवलं. त्या दुपारी आमच्या कॉलनीत असा आरडाओरडा झाला, की मी घाबरून गॅस बंद केला!

३० नोव्हेंबरला त्याचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप देण्याची तिथली पद्धत आहे. आजींच्या यजमानांची वर्षानुवर्षांची दोन तिकिटं होती. यजमान गेल्यावरही त्यांनी ती जागा सोडली नव्हती. सोबतीला कधी भाचा असे, कधी कुणी. त्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या, "तू चल. तुझ्याकडे ते जांभळं वस्त्र आहे ना, ते घाल."

अशी मी साडी नेसून गेले. मैदानाबाहेर जत्रा भरलेली. तंबू ठोकलेले, मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजतोय, बँड वाजतोय. अनोळखी बायका थांबवून काठाची जर हातात घेऊन बघत होत्या. दहा-पंधरा जणींनी तरी माझ्याबरोबर फोटो काढले. आयुष्यात इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं!

सामन्याआधी एकेका मुलाचं नाव पुकारू लागले. सगळ्यात शेवटी बरो आला आणि क्षणभर काही कळेना, लोक असे का ओरडतायत. आजी माझा दंड दाबून पाठीकडे बोट दाखवत होत्या. जर्सीवरचं आडनाव त्याने बदलून घेतलं होतं. उच्चार तोच, 'बरो', पण स्पेलिंगची शेपटी तिथल्या फ्रेंच वळणाची. लुइझियानातल्या जुन्या फ्रेंच घराण्यांची आडनावं अशीच लिहितात. हा मुलगा दीड वर्षापूर्वी आला आणि जाताना त्यांच्या आडनावाचं शेपूट लावून आला! आपल्याकडे आडनावामागे 'कर' लागला की माणूस त्या गावचा होतो. तसा तो त्या संध्याकाळी एक लाख माणसांसमोर 'बॅटनरूजकर' झाला.

आजी रडत होत्या. बाजूचा धिप्पाड माणूस टोपीने डोळे पुसत होता. त्याने प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांना मिठी मारली आणि मला एकदम लेकीची पाठवणी आठवली. फरक एवढाच, की इथे कुणाचाच तो पोटचा नव्हता.

सामना त्यांनी ५०-७ असा जिंकला. येताना मी आजींना विचारलं, "खेळाडू तर दरवर्षी येतात आणि जातात. याच्यात एवढं काय?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्याला कुणी नको म्हटलं होतं. आम्हालाही फार वर्षं जिंकायला येत नव्हतं. आम्ही एकमेकांना सापडलो. आणि जिंकायला लागल्यावरही त्याने आवाज चढवला नाही."

हे मला पटलं, पण पूर्ण कळलं नाही. ते कळलं दोन आठवड्यांनी.

मधल्या काळात नातू झाला. लेक घरी आली. १४ डिसेंबरची संध्याकाळ. बाळाला शेक देऊन निजवलं होतं, लेक पोटाला पट्टा बांधून सोफ्यावर टेकली होती आणि आजी गम्बोचं भांडं घेऊन आल्या होत्या. टीव्हीवर न्यूयॉर्कहून कार्यक्रम चालू होता. कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला हाइस्मन नावाचा मानाचा पुरस्कार देतात. १९५९ साली बिली कॅननला मिळाल्यानंतर साठ वर्षांत एलएसयूच्या कुणालाही तो मिळाला नव्हता. त्या रात्री तो बरोला मिळाला. तोही प्रचंड मताधिक्याने.

तो बोलायला उभा राहिला आणि शब्दच फुटेना. सहा फुटांवर उंचीचा जवान मुलगा हुंदके आवरतोय. आपल्यासाठी मार खाणाऱ्या साथीदारांचे, प्रशिक्षकांचे आभार मानले. मग तो आपल्या गावाबद्दल बोलू लागला. आमचा भाग फार गरीब आहे, म्हणाला. देशाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट गरिबी. शाळा सुटल्यावर घरी जाणारी आणि ताटात फारसं काही न दिसणारी, भुकेली मुलं तिथे आहेत. मी त्यांच्यासाठी इथे उभा आहे आणि तीही एक दिवस इथे उभी राहू शकतात, असं तो म्हणाला.

लेकीने मला भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

मैत्रिणींनो, मी आजवर हे फार कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत शिजवलेली खिचडी सुरू व्हायच्या आधीची, नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. तेव्हा मुलांना महिन्याला तांदूळ मिळायचा, शिजवलेलं अन्न नाही. माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता. मधली सुट्टी झाली की हा डबा खायला बसायचा नाही, बाहेर पळायचा. नळाशी रेंगाळायचा, घंटा झाली तरी उशिरा यायचा. मी शिस्तीची! एक दिवस त्याला शिक्षा केली. आठवडाभर मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

तो बसला. चाळीस मुलं डबे उघडून खात होती आणि तो खिडकीकडे तोंड करून बसला. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी शाळेतल्या मावशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, त्याच्याकडं डबाच नसतो. म्हणून तो नळावर जातो. पाणी पिऊन पोट भरतो."

मी रोज हजेरी घेत होते. त्याची वही तपासत होते. त्याचं अक्षर मला पाठ होतं. पण हे मला दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात एक भाकरी जास्त असायची. पण दिवाळीनंतर त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले, तोही गेला आणि परत आमच्या शाळेत आला नाही.

त्या रात्री बॅटन रूजच्या स्वयंपाकघरात उभं राहून मला हेच वाटत होतं. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, सगळा देश बघत असताना, या तेवीस वर्षांच्या पोराला आपल्या शाळेतली उपाशी मुलं आठवली. म्हणजे तो त्यांच्याबरोबर एकाच वर्गात बसत असताना त्याने ती पाहिली होती. मी टेबलाच्या या बाजूला बसून पाहिली नव्हती.

पुढे जे झालं, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

अथेन्समधल्या एका तरुणाने दुसऱ्या दिवशी फेसबुकवर आवाहन केलं. जो बोलला आहे, आता आपण काहीतरी करू. अथेन्स काउंटी फूड पँट्री म्हणजे गरजू कुटुंबांना धान्य, डबाबंद अन्न देणारी तिथली संस्था. तिच्यासाठी त्याने लक्ष्य ठेवलं १००० डॉलर. ते कधीच मागे पडलं. काही दिवसांतच रक्कम साडेचार लाख डॉलरच्या वर गेली आणि पुढे पाच लाखांवर. संस्थेच्या वर्षाच्या खर्चाच्या कितीतरी पट! यात कुणी एक धनाढ्य नव्हता. पाच, दहा, वीस डॉलर देणारी हजारो माणसं होती. ओहायोतली होतीच, पण लुइझियानातलीही खूप होती. दीडेक हजार किलोमीटर लांबच्या, कधी न पाहिलेल्या गावातल्या मुलांच्या ताटासाठी.

आमच्या आजींना फोनवरून पैसे पाठवता येत नव्हते. त्या लेकीकडे नोटा घेऊन आल्या. नऊ डॉलर. "त्याचा नंबर," म्हणाल्या. लेकीने आपलेही नऊ घातले, आणि मी म्हटलं, बाळाचेही नऊ घाल.

एरवी आवडत्या खेळाडूवरचं प्रेम माणसं कसं दाखवतात? फटाके, हार, पोस्टर. इथे त्या प्रेमाचं धान्य झालं. पुढच्या वर्षी त्या पँट्रीने आणखी शहाणपण केलं. सगळे पैसे एकदम न संपवता त्यातले साडेतीन लाख डॉलर बाजूला काढून, तिथल्या एका प्रतिष्ठानाकडे बरोच्या नावाने भूकनिवारणाचा कायम निधी उभा केला. भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे लगेच पटेल. मुद्दल मोडायचं नाही!

सगळं गोडगोडच होतं असं मी म्हणणार नाही. एवढ्या श्रीमंत देशात मुलं उपाशी राहतात, हे कळायला एका चेंडूवाल्याने रडावं लागलं, हे काही भूषणाचं नाही. आणि ज्या मुलांच्या जिवावर लाख माणसं तिकीट काढून येत, त्या कॉलेजच्या मुलांना तेव्हा आपल्या नावावर एक पैसाही कमवायची परवानगी नव्हती. ती २०२१ साली मिळाली. बरोची वर्षं त्याआधीच संपली होती.

१३ जानेवारी २०२० ला त्याने कॉलेजकडून शेवटचा सामना खेळला. न्यू ऑर्लिन्सला राष्ट्रीय विजेतेपदाची लढत होती. क्लेमसनला ४२-२५ असं हरवलं. मोसमात पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. त्या एका मोसमात त्याने चेंडू फेकून ६० टचडाऊन करवले. तेव्हाचा तो विक्रम होता. त्याच महिन्यात बॅटन रूजमध्ये विजयाची मिरवणूक निघाली आणि मग तो गेला. आजींनी दारावरचा झेंडा उतरवून घडी घातली. मी विचारलं, "वाईट वाटतं?" त्या म्हणाल्या, "आपली मुलं गेल्यावर वाटतं तेवढंच. जायलाच तर वाढवतो."

मी मार्चच्या सुरुवातीला परत आले आणि लगेच लॉकडाऊन लागला. २३ एप्रिलला व्यावसायिक संघ नव्या खेळाडूंची निवड करतात तो कार्यक्रम होता. एरवी मोठा सोहळा, त्या वर्षी सगळे आपापल्या घरी. बरोला सगळ्यांत पहिला क्रमांक मिळाला. ओहायोच्याच सिनसिनाटी बेंगॉल्स संघाने त्याला घेतलं. लेकीने मला फोटो पाठवला. द प्लेन्समधलं आईवडिलांचं घर, शेजारी आई, वडील. आणि त्याच्या टीशर्टवर ओहायोचा नकाशा काढून त्यात आकडे होते, ७४०. मी विचारलं, हे काय? लेक म्हणाली, "आई, त्यांच्या भागाचा एसटीडी कोड!"

लुइझियानाने लावलेलं शेपूट एकदा मिरवलं आणि निघताना गावचा एसटीडी कोड छातीवर. दोन्ही घरांचा मान राखणारा मुलगा! नंतर तो मोठा व्यावसायिक खेळाडू झाला, २०२२ मध्ये त्याचा संघ सुपर बोलच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन थोडक्यात हरला. मला ते आकडे फारसे कळत नाहीत. पण त्याच वर्षी त्याच्या कुटुंबाने गरजू मुलांसाठी स्वतःचं प्रतिष्ठान सुरू केलं, हे मात्र कळलं आणि बरं वाटलं.

नातवाच्या वाढदिवसाला, दर डिसेंबरात, लेक नऊच्या पटीत पैसे पाठवते. त्यातून मी आमच्या जुन्या शाळेत मुलांना शिरा आणि केळी देते. खिचडी शाळेत असतेच, हे वरचं गोड. मुलं पंगतीने बसतात, गलका करतात. बाई मला मानाने खुर्ची देतात.

मी खुर्ची थोडी वळवून घेते. तिथून मला नळ दिसतो.